कॉर्नहोलचे बोर्ड घरी कसे बनवायचे आणि रंगवायचे?

अमेरिकेत अंगणात खेळतात तोच हा खेळ: तिरक्या फळीच्या भोकात मक्याचे दाणे भरलेली पिशवी लांबून टाकायची. फळी 4 फूट बाय 2 फूट. अर्ध्या इंचाचं प्लायवूड चालतं, पण पाऊण इंची मिळालं तर तेच घ्या, पातळ प्लायवर पिशवी उसळते. भोक 6 इंच व्यासाचं. मध्य वरच्या कडेपासून 9 इंचांवर, दोन्ही बाजूंपासून 12. मागची कड जमिनीपासून 12 इंच, पुढची 3-4.

खरी मेहनत रंगात आहे. आम्ही ओहायोत मंडळाच्या पिकनिकसाठी गेरूच्या रंगावर पांढरी वारली चित्रं काढली. रेघा जाड झाल्या आणि घसरत जाणारी पिशवी तारपावाल्यापाशीच अडायला लागली. मग 220 नंबरच्या पॉलिश पेपरने घासून पातळ रंगात पुन्हा काढली. भोकाच्या कडेवरून बोट फिरवून बघा, कूस लागता कामा नये. शेवटी वॉटर-बेस्ड पॉलियुरेथेनचे (पारदर्शक वॉर्निशचे) तीन पातळ हात द्या, ऑइलवालं पांढऱ्यावर पिवळं पडतं. प्रत्येक हात पूर्ण वाळू द्या, नाहीतर पिशव्या चिकटतात.