मुलीला सेल्फ डिफेन्सचा कोणता क्लास लावू?

"मॅडम, कराटे लावू की ज्युडो?" नागपुरातल्या मानेवाड्याच्या एका आईने विचारलं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) पंधरा वर्षांची लेक ट्यूशनहून अंधारात परतते, आईच्या जिवाला घोर. आणि लेक एका क्लासला दोन दिवस जाऊन "मी नाही जात" म्हणून बसलेली.

मुलीशी एकटीशी बोलले. पवित्रा शिकवताना सरांनी न विचारता कंबर धरली होती. बाकी मुली काही बोलल्या नाहीत, म्हणून हीही बोलली नाही. आणखी काही घडलं होतं का, तेही विचारलं, नव्हतं. तिला विचारूनच आईला सांगितलं, आईने संचालकांकडे लेखी तक्रार दिली.

कराटे-ज्युडो उत्तमच, पण हात तयार व्हायला वर्षं जातात. शिवाय बलात्काराच्या नोंदलेल्या गुन्ह्यांत आरोपी बहुतेक वेळा ओळखीचाच निघतो. काका-दादा म्हणतो त्याला "हात काढा" हे मोठ्याने म्हणायचा सराव कोण करून घेतं? मी क्लास त्यावरून जोखते. कॅनडात तीन विद्यापीठांतल्या मुलींना बारा तासांत धोका ओळखणं, ओळखीच्यालाही ठाम नकार देणं आणि प्रतिकार शिकवला. २०१५ साली निष्कर्ष आले: वर्षभरात नुसती माहितीपत्रकं मिळालेल्यांपैकी ९.८ टक्के मुलींवर बलात्कार झाला, शिकलेल्यांपैकी ५.२ टक्के.

सक्करदऱ्याच्या दुसऱ्या क्लासला मायलेकी आधी नुसत्या बघायला गेल्या. ताईंनी विचारलं, "मनगट धरू का?" मुलीने नकारार्थी मान हलवली. ताई लगेच मागे सरल्या, दुसऱ्या जोडीकडे वळल्या. अर्ध्या तासाने हिनेच हात पुढे केला. पकडणाऱ्याचा अंगठा असतो त्या बाजूने मनगट झटकायचं, सोबत ओरडायचं. पहिल्यांदा आवाज फुटेना. तिसऱ्यांदा बाहेर बसलेले पालक डोकावले.

पालकांना बसू न देणारे, "महिन्याभरात कोणालाही लोळवशील" अशी हमी देणारे क्लास मला नकोत. भीतीने शरीर गोठतं, शिकलेलीचंही गोठू शकतं, आणि त्यात तिचा दोष नसतो, हे शिकवणाऱ्याने पहिल्याच दिवशी सांगावं. ११२ ला फोन कसा लावायचा तेही.

नाव घालायचं का, हे लेकीने ठरवलं. आईने फी एका महिन्याचीच भरली.