नुनावुतमध्ये घरभाडं इतकं कमी, विजेवर सबसिडी, तरी तिथले लोक घरासाठी ओरड का करतात?

तुम्ही विचारलंय की कॅनडाच्या अगदी उत्तरेतल्या नुनावुत प्रदेशात सरकारी घराचं किमान भाडं महिन्याला 60 डॉलर आहे, विजेवर सबसिडी आहे, मग लोक घर नाही घर नाही म्हणून का रडतात, हा फुकटेपणा नाही का. खरं सांगू, 2019 ला इथे यायच्या आधी मीही असंच काहीसं बोललो असतो. मी मूळचा सांगलीचा, नुनावुतच्या राजधानीत, इकालुइटमध्ये, बिल्डिंग मेंटेनन्स बघतो, म्हणजे बॉयलर, पाण्याच्या टाक्या, गोठलेले पाईप हीच माझी दुनिया. त्यामुळे आतून बघितलेलं सांगतो.

भाडं स्वस्त आहे हो, पण घर स्वस्त नाहीये, आणि मुळात घरच नाहीये.

आधी जागा समजून घ्या. साधारण 20 लाख चौरस किलोमीटर एरिया, महाराष्ट्राच्या सहापटीहून जास्त, आणि माणसं सगळी मिळून 40 हजारांच्या आसपास. वस्त्या 25. एका वस्तीतून दुसरीत जायला रस्ता नाही, एकही नाही, विमान किंवा बोट किंवा हिवाळ्यात स्नोमोबाइल. विजेची ग्रिडसुद्धा नाही. प्रत्येक गावाचं स्वतःचं डिझेलवर चालणारं पॉवर प्लांट, आणि ते डिझेल उन्हाळ्यात समुद्राचा बर्फ फुटला की जहाजाने येतं, जुलै ते ऑक्टोबर, तेवढ्यात वर्षभराचं भरून ठेवायचं. वर्षाला साडेपाच कोटी लिटरच्या आसपास डिझेल नुसतं विजेसाठी जळतं, घरं गरम करायचं तेल वेगळं.

आता पाणी. जमीन कायमची गोठलेली, त्यामुळे साधे पाईप पुरता येत नाहीत. इकालुइटच्या काही भागात आणि आणखी एक-दोन गावांत गरम ठेवलेले पाईप आहेत, बाकी टँकर. आपल्याकडे मराठवाड्यात दुष्काळात टँकर येतो तसा इथे बारा महिने येतो, फक्त इथे दोन येतात, एक पाणी भरणारा आणि एक मैला उपसणारा. घरात दोन टाक्या, आणि मैल्याची टाकी भरली की पाण्याचा पंप आपोआप बंद होतो, नाहीतर सगळं उलटं घरात येईल ना. म्हणजे पाण्याची टाकी भरलेली असूनही नळ कोरडा. पहिल्या हिवाळ्यात डोक्याला शांपू लावलेला आणि पाणी गेलं, बाहेर तीन दिवसांचं वादळ, टँकर बंद. मी एकटा होतो म्हणून निभावलं, चहाच्या किटलीतल्या पाण्याने डोकं धुतलं.

शेजारच्या घरात त्याच साइजच्या टाक्यांवर अकरा माणसं राहतात. तीन बेडरूम, आजी, तिची दोन मुलं, सून, नातवंडं, आणि एक भाचा जो दोन वर्षं सोफ्यावर आहे. झोपायच्या पाळ्या लागतात, ही अतिशयोक्ती नाही, इथे हे बऱ्याच घरात चालतं. मी त्यांचा बॉयलर बघायला गेलो तेव्हा खिडकीच्या चौकटीत आतून बोटभर बर्फ होता आणि कोपऱ्यात काळी बुरशी. अकरा जणांचा श्वास, स्वयंपाकाची वाफ, ओले कपडे, सगळं एका डबाबंद घरात, आणि हवा बदलणारं मशीन जाम झालेलं. ते घर ज्यांनी डिझाइन केलं त्यांनी चार-पाच माणसं धरली होती. इनुइट, म्हणजे इथल्या मूळच्या लोकांमध्ये आजही टीबी निघतो, कॅनडासारख्या देशात, आणि त्यामागे ही गर्दी मोठं कारण आहे. (आजीने मला त्या दिवशी ‘आर्क्टिक चार’ नावाचा गोठलेला मासा कच्चाच कापून दिला, फी म्हणून. भारी लागतो.)

आता फुकटेपणाचं बघू. हे लोक साठ-सत्तर वर्षांपूर्वीपर्यंत शिकारीच्या मागे फिरत राहायचे, तंबू आणि इग्लू, सरकारी घर मागितलं कुणी? सरकारनेच 1950 आणि 60 च्या दशकात त्यांना वस्त्यांमध्ये आणलं, शाळा इथे, दवाखाना इथे, या असं म्हणून. 1953 आणि 55 ला तर क्वेबेकच्या उत्तरेतल्या इनुक्जुआकहून काही कुटुंबं उचलून पार उत्तर टोकाला, रेझोल्यूट आणि ग्रीस फियोर्डला नेऊन सोडली, त्याबद्दल 2010 ला सरकारने माफी मागितली. मग वस्तीत काड्यापेटीसारखी घरं बांधून भाड्याने दिली. म्हणजे स्वतःचं घर स्वतः उभारणाऱ्या माणसाला आधी भाडेकरू केलं, आणि 1993 च्या बजेटमध्ये केंद्राने नवीन सोशल हाउसिंगचा पैसाच थांबवला. पुढे अधूनमधून आला, पण तो खड्डा भरला नाही, आणि इथली लोकसंख्या एकदम तरुण, पोरं वाढतायत, लग्नं होतायत, घरं तेवढीच. आज निम्म्याहून जास्त लोक सरकारी घरात राहतात कारण दुसरं घर बाजारात नाहीच.

मग बांधत का नाहीत? बांधतात, पण इथे घर बांधणं म्हणजे गंमत नाही. जमीन गोठलेली आहे तोवर दगडासारखी, घराच्या उबेने वितळली की घर खचणार, म्हणून लोखंडी खांब खोल रोवून घर जमिनीपासून वर उचलतात. लाकूड, खिडक्या, सिमेंट, अगदी खिळेसुद्धा दक्षिणेतून जहाजाने. एखादी वस्तू यादीत राहिली तर विमानाने मागवा, चौपट पैसे देऊन, नाहीतर पुढच्या उन्हाळ्यापर्यंत थांबा. 2023 पर्यंत इकालुइटला खोल पाण्याचं बंदर नव्हतं, राजधानीला हं, भरती-ओहोटीचा फरक इथे दहा मीटरच्या वर जातो, तर जहाज लांब उभं करून बार्जने भरतीच्या वेळात माल किनाऱ्यावर आणायचा. एका युनिटचा खर्च दहा लाख डॉलरच्या घरात गेलेला ऐकलाय. 2022 ला नुनावुतच्या सरकारने 2030 पर्यंत 3000 घरांची योजना जाहीर केली, चांगलंच आहे, पण प्रत्येक नवीन घराला टँकरची फेरी लागते, वीज लागते, तेलाची टाकी लागते, म्हणजे नुसती घरं मोजून चालत नाही.

विजेची सबसिडीपण तशीच फसवी दिसते. सरकारी घरातल्या भाडेकरूला वर्षानुवर्षं युनिटला 6 सेंट लागायचे, बाकीचं हाउसिंग कॉर्पोरेशन भरणार, म्हणजे घरं बांधणाऱ्या खात्याचा पैसा डिझेलमध्ये जळतो. 2015 च्या सिनेट कमिटीच्या रिपोर्टमध्ये 25 पैकी 17 प्लांटचं ठरलेलं आयुष्य संपलंय असं होतं, आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये पांगनिरतुंगच्या प्लांटला आग लागली, आख्खं गाव आणीबाणीत, कारण शेजारच्या गावातून वीज आणायला तार नाही. सोलरचं विचाराल तर जूनमध्ये वीस तासांच्या वर ऊन आणि डिसेंबरमध्ये जेमतेम चार, नेमकी गरज असते तेव्हा सूर्य सुट्टीवर. दक्षिणेच्या मॅनिटोबा प्रांतातून विजेची तार आणि इंटरनेटचं फायबर आणायचं, इकालुइटजवळ जलविद्युत करायची, हे प्लॅन आहेत, मला जलविद्युत पटते, पण कागदावरून दिवा लागत नाही.

भाड्याचंही सांगतो. ते पगारावर ठरतं. पोराला नोकरी लागली की भाडं वाढतं, मग काही जण ओव्हरटाइम नको म्हणतात, आणि आपल्यासारखे बाहेरचे बघून म्हणतात, आळशी आहेत.

आणि बाहेरच्यांचं काय, तर मला नोकरीसोबत घर मिळालं. स्टाफ हाउसिंग. विमानातून उतरलो त्याच दिवशी चावी हातात, दोन बेडरूम, मी एकटा. दक्षिणेतून माणूस आणायचा तर घर द्यावंच लागतं, नाहीतर कोण येणार, हेही खरंच आहे. पण शेजारचा तो सोफ्यावरचा भाचा, वय चोवीस, इथलाच जन्म, वेटिंग लिस्टवर आहे. घर नाही म्हणून त्याची गर्लफ्रेंड बाळाला घेऊन तिच्या आईकडे राहते.

गेल्या सप्टेंबरमध्ये माझा जहाजाचा माल आला, वर्षाचा तांदूळ, तूरडाळ, टॉयलेट पेपर, तर तोच मदतीला आला, खोकी दुसऱ्या बेडरूममध्ये नेऊन लावली. सगळं झाल्यावर दारात उभा राहून खोली बघत होता. म्हणाला, इथे कोण झोपतं?

मी म्हटलं, तांदूळ.

तो हसला, मग मीही हसलो, आणि चहा ठेवला.