डॅप्सोन (कुष्ठरोग, काही त्वचाविकारांवरचं औषध) सुरू असताना आईचे ओठ निळसर पडलेत, ऑक्सिजन लावूनही ऑक्सिमीटर ८६ च्या वर जात नाही. औषधाने रक्त बिघडतं का?

हो, बिघडू शकतं. मी पुण्यात पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, डॉक्टर नाही. पण तुम्ही लिहिलंय ते मेथहिमोग्लोबिनेमियाशी, म्हणजे रक्तातलं हिमोग्लोबिन बिघडण्याशी, जुळतं, तेव्हा आधी आईंना घेऊन हॉस्पिटल गाठा. बाकीचं रिक्षात वाचा.

हिमोग्लोबिनमधल्या लोहाचं रासायनिक रूप बदलून फेरसचं फेरिक झालं की ते ऑक्सिजन धरत नाही. वर उरलेलं चांगलं हिमोग्लोबिनही धरलेला ऑक्सिजन पेशींना सहजी सोडत नाही. असं बिघडलेलं हिमोग्लोबिन एखादा टक्का आपल्या सगळ्यांत असतंच, एक एन्झाइम ते ताळ्यावर आणत राहतं. डॅप्सोनमुळे काहींच्या बाबतीत ते एन्झाइम कमी पडतं. बोटाचा ऑक्सिमीटर इथे फसतो. प्रमाण बरंच वाढलं की तो ८५ च्या आसपास अडकून बसतो, प्रत्यक्षात स्थिती त्याहून वाईट असू शकते. म्हणून को-ऑक्सिमेट्री, म्हणजे बिघडलेलं हिमोग्लोबिन वेगळं मोजणारी रक्ततपासणी, होईल अशा ठिकाणी जा.

मी हे पहिल्यांदा पाहिलं ते नारायणगावकडच्या एका काकांचं. टोमॅटोला फुलं धरावीत म्हणून नायट्रोबेंझिनचं 'टॉनिक' फवारत होते, हातमोजे नाहीत, शर्ट भिजलेला. ते कातडीतूनही आत जातं. सिरिंजमध्ये रक्त आलं ते काकवीच्या रंगाचं. फिल्टर पेपरवर थेंब टाकला. एरवी शिरेतलं काळपट रक्त हवा लागली की लाल होतं, हा थेंब चॉकलेटीच राहिला. काकू म्हणाल्या, "विषारी असतं तर टॉनिक म्हणून विकलं असतं का?" काय बोलणार!

मलेरियावरचं प्रायमाक्वीन, बधिर करणारं प्रिलोकेन, अ‍ॅनिलीनचे रंग यांनीही हे होतं. तान्ह्या बाळांना तर नायट्रेट वाढलेल्या विहिरीच्या पाण्यानेसुद्धा.

उतारा मिथिलीन ब्लू, किलोमागे १ ते २ मिग्रॅ, शिरेतून. जी६पीडी या लाल पेशींतल्या एन्झाइमची जन्मजात कमतरता असेल तर मात्र ते उलटतं, म्हणून घरात कुणाला ती असेल तर आधीच सांगा. नंतर लघवी हिरवी-निळी होते, घाबरू नका. डॅप्सोन शरीरात रेंगाळतं, त्यामुळे एकदा बरं वाटलं तरी त्रास उलटू शकतो. डॉक्टर थांबा म्हणाले तर थांबा. पुढची गोळी त्यांना विचारल्याशिवाय देऊ नका.

आणि गोळ्यांची पाकिटं सगळी न्या. दातदुखीवर किंवा तोंड आल्यावर बधिर करणारं बेंझोकेनचं जेल आई लावत असतील तर तेही पिशवीत टाका. त्याला कुणी औषध धरतच नाही.