कॉम्प्युटरचा पंखा फिरतोय, पण स्क्रीन काळी?

मदरबोर्ड (आतला मुख्य सर्किट बोर्ड) गेला असं लगेच धरून चालू नकोस. आधी मॉनिटरची केबल बघ. वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर मॉनिटरची एचडीएमआय केबल त्या कार्डालाच लागली पाहिजे, मदरबोर्डाला नाही.

मग रॅम, म्हणजे मदरबोर्डावर बसणारी मेमरीची पट्टी. माझा पहिला संशय नेहमी तिच्यावरच, पावसाळ्यात तर हमखास. पॉवर केबल काढ, चालू करायचं बटण दहा सेकंद दाबून धर म्हणजे उरलासुरला करंट जाईल. क्लिपा उघडून रॅम बाहेर काढ. तिच्या सोनेरी पट्टीवर पांढरा खोडरबर हलक्या हाताने फिरव आणि भुकटी मऊ ब्रशने झटक. स्लॉटमध्ये तोंडाने फुंकू नकोस, थुंकीचे कण आत जातात. आता एकच रॅम लाव, ‘टक्’ आवाज येईपर्यंत दाबून बसव, केबल लावून चालू कर. स्क्रीन नाही आली तर दुसरा स्लॉट.

तरीही काळीच? पॉवर केबल परत काढ. प्रोसेसरजवळची ८ पिनांची वायर सुटली असली तरी पंखे फिरतात, तीही बघ. मग केबल काढलेली असतानाच मदरबोर्डावरचा सीआर२०३२ हा गोल चपटा सेल पाच मिनिटं काढून ठेव, बायोसची (कॉम्प्युटर सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमची) सेटिंग मूळच्यासारखी होतात. डीडीआर५ प्रकारची रॅम नवीन असेल तर पहिल्या वेळी काही मिनिटं थांब, मध्येच बंद करू नकोस.

एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) मात्र उघडू नकोस रे. वायर काढल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो.