टूरिंग आणि ऑफ-रोड दोन्हीला चालेल अशी एकच इलेक्ट्रिक सायकल कोणती घ्यावी?

तुम्ही लिहिलंय की वय ४८, पुण्यात राहता, गुडघा अधूनमधून दुखतो, कोकण किनाऱ्याने सामान लादून चार-पाच दिवसांची टूर करायचीय आणि शनिवार-रविवारी धरणाकाठच्या कच्च्या रस्त्यांवर पण फिरायचंय, तर एकाच सायकलीत भागेल का आणि मोटर किती वॅटची बघावी. भागतं, मी गेली चार वर्षं हेच करतोय, पण पहिली सायकल चुकीची घेतली होती म्हणून जरा सविस्तर लिहितो.

वॅटचं आधी संपवून टाकू. आपल्याकडे मोटर २५० वॅटच्या आत आणि वेग ताशी २५ किमीपर्यंत असेल तरच ती कायद्याने सायकल, म्हणजे लायसन्स नको, पासिंग नको. कोणी ७५० किंवा १००० वॅटचं किट बसवून देतो म्हणाला तर बसवू नका, कारण मग ती कायद्याच्या नजरेत मोटारगाडी होते, नंबरप्लेट नाही, इन्शुरन्स नाही, आणि उद्या कोणाला धक्का लागला की सगळं तुमच्या अंगावर. त्यामुळे दुकानातल्या बहुतेक सायकली २५० वॅटच्याच असतात, आणि त्या आकड्यावरून निवड होतच नाही.

निवड होते बॅटरीवरून. बॅटरीवर व्होल्ट आणि अँपिअर-तास छापलेले असतात, त्यांचा गुणाकार करा, आलेला आकडा म्हणजे वॅट-तास, बॅटरीत एकूण किती वीज मावते ते. ३६ व्होल्ट ७.८ अँपिअर-तास म्हणजे २८० वॅट-तास, ३६ व्होल्ट १४ म्हणजे ५०४. जाहिरातीत ६० किमी रेंज, ८० किमी रेंज लिहितात ते सपाट रस्त्यावर, हलका माणूस, सगळ्यात कमी असिस्ट म्हणजे मोटरची मदत, असं धरून. आपल्याला सपाट रस्ता मिळणार कुठे? तुम्ही ७५ किलो धरा, सायकल २३, सामान १२, झाले ११० किलो. एवढं वजन ६०० मीटर वर चढवायला निव्वळ १८० वॅट-तास लागतात आणि मोटरमध्ये वाया जाणारं धरलं तर २४० च्या आसपास. सिंहगड पायथ्यापासून वर जवळजवळ एवढाच चढ आहे. म्हणजे तुम्ही पाय नुसते फिरवत ठेवलेत आणि सगळा भार मोटरवर टाकलात तर २८० वाली बॅटरी गडावर पोचेपर्यंत जेमतेम, आणि अंतर किती तर नऊएक किलोमीटर!

कोकणात तर लोक हमखास फसतात, मी पण फसलो. नकाशावर किनारा दिसतो म्हणून वाटतं सपाट असेल. हरिहरेश्वर सोडलं, बागमांडल्याला फेरीत सायकल चढवली, वेसवीला उतरलो, इथपर्यंत मजा. पुढे प्रत्येक गाव म्हणजे खाडीला नाहीतर समुद्राला लागून आणि दोन गावांच्या मध्ये सडा, म्हणजे कातळाचं उंच पठार, त्यामुळे चढा, कातळावरून दोन-चार किलोमीटर जा, परत खाली उतरा, माडांच्या सावलीतून गाव पार करा की लगेच पुढचा चढ, असं केळशी, आंजर्ले, हर्णै, दाभोळपर्यंत चालूच. दीडशे मीटरचा एक चढ म्हणजे ६० वॅट-तास गेले असं मी धरतो, दिवसात असे पाच लागले की ३०० तिथेच संपले, वर सपाटीचा खर्च वेगळाच. दाभोळला धोपाव्याच्या फेरीची वाट बघताना माझ्या डिस्प्लेवर एकच काडी उरली होती आणि पलीकडे गुहागर अजून पुष्कळ लांब होतं. म्हणून टूरिंगसाठी ४५० वॅट-तासाच्या खाली घेऊच नका आणि बॅटरी फ्रेममधून निघणारी हवी, म्हणजे रात्री खोलीत नेऊन चार्जिंगला लावता येते. १४ अँपिअर-तासाला २ अँपिअरचा चार्जर सात तास घेतो, कोकणात लाइट कधी जाईल सांगता येत नाही, तेव्हा मुक्कामाला पोचल्या पोचल्या आधी चार्जर लावायचा, अंघोळ नंतर. जेवायला थांबाल तिथे पण विचारा, लोक नाही म्हणत नाहीत, अख्खी बॅटरी भरली तरी पाऊण युनिटच्या आतच वीज जाते, तरी मी दहा-वीस रुपये ठेवतोच.

आता मोटर कुठे असावी. मागच्या चाकात असते ती हब मोटर, पेडल जिथे फ्रेमला जोडलेले असतात तिथे असते ती मिड-ड्राइव्ह. मिड-ड्राइव्ह तुमच्या गिअरमधून जोर लावते, त्यामुळे चढावर हलका गिअर टाकला की मोटर पण सुखात फिरते, हब मोटर मात्र ताशी सहा-सातने लांब चढ चढायला लागली की तापते आणि बॅटरी पिते. मग मिड-ड्राइव्हच घ्यावी का? पैसे असतील आणि सर्व्हिस सेंटर शहरात असेल तर जरूर घ्या, पण बॉश किंवा शिमानोची चांगली मोटर असलेली सायकल लाखांत जाते, आणि तिच्यात चेन तुटली की सगळंच थांबलं. हबमध्ये चेन तुटली तर थ्रॉटलवर, म्हणजे पेडल न मारता मोटर चालवायचा हँडलवरचा कंट्रोल असतो त्यावर, घरी येता, मोटर गेली तर पेडल मारत येता. शिवाय मिड-ड्राइव्हमध्ये चेन आणि मागचे दाते लवकर झिजतात. पुण्याच्या आसपास आणि कोकणात फिरणाऱ्याला ५०-६० हजारांतली हब मोटरची चांगली सायकल पुरते असं माझं मत आहे, फक्त मागचे गिअर नीट हलके हवेत, सात-आठ तरी.

हबचा खरा त्रास दुसराच आहे आणि तो कोणी सांगत नाही: मागचं चाक पंक्चर झालं तर? मला तो धडा पाबे घाट उतरून वेल्ह्याकडे जाताना मिळाला. बाभळीचा काटा, मागचंच चाक. माझ्याकडे पंप, ट्यूब, टायर काढायचे लिव्हर, सगळं होतं, पण मोटरच्या एक्सलचा नट १८ नंबरच्या पान्याने सुटतो आणि पानाच नव्हता. ढकलत एका टपरीपर्यंत गेलो तर तिथला पोरगा म्हणाला, "काका, चाक कशाला काढायचं, वायरी तुटल्या तर माझ्याच गळ्यात येईल." त्याने सायकल उलटी केली, टायर एका बाजूने उतरवला, ट्यूब होती तिथूनच ओढून बाहेर घेतली, घमेल्यात पाण्यात दाबत दाबत बुडबुडे शोधले आणि पंक्चर काढला. मग टायरमध्ये आतून हळूहळू बोट फिरवून काट्याचं मोडलेलं टोक शोधलं, ते पाच मिनिटं सापडत नव्हतं पण त्याने सोडलं नाही, कारण ते राहिलं असतं तर शंभर पावलांवर परत पंक्चर. वीस मिनिटांत मी रस्त्यावर. ही युक्ती तुम्ही पण घरी एकदा करून बघा, आणि तरीही १८ चा पाना बॅगेत ठेवाच. चाक काढावंच लागलं तर काढायच्या आधी वॉशर कुठल्या क्रमाने आहेत त्याचा मोबाईलवर फोटो काढा, ते उलटसुलट बसले तर एक्सल फिरतो आणि वायर पिळली जाते. ट्यूबमध्ये सीलंट, म्हणजे बारीक भोक आतूनच बुजवणारं द्रव, भरून ठेवलं की बारीक काट्यांचं टेन्शन जातं, त्या दिवसापासून मी भरतो.

गुडघ्याचं. स्वस्त सायकलीत कॅडन्स सेन्सर असतो, पेडल फिरतंय एवढंच त्याला कळतं. सपाटीवर त्याने पाय आरामात राहतात, पण चढावर थांबून परत निघताना पहिला अर्धा फेरा पूर्ण तुमच्या गुडघ्यावर येतो आणि मग मोटर एकदम ढकलते, सुट्या खडीवर तो धक्का नको असतो. टॉर्क सेन्सर तुम्ही किती जोर लावताय ते ओळखतो आणि त्या प्रमाणात लगेच मदत करतो, कच्च्या रस्त्यावर सायकल ताब्यात राहते ती यामुळेच. मिळत असेल तर त्यासाठी पाच-सात हजार जास्त द्या. नाहीच मिळाला तर थ्रॉटल असलेली घ्या आणि चढावर निघताना तो हलकासा द्या.

माझी पहिली सायकल २६ बाय ४ इंची फॅट टायरची होती, दिसायला दणकट, पण डांबरावर ती अक्षरशः ओढत न्यावी लागायची आणि बॅटरी संपली की तिला हलवणं नको वाटायचं. वर मी तिला किनाऱ्यावर ओल्या वाळूत चालवली, महिन्याभरात मोटरच्या कनेक्टरच्या पिना हिरवट पडल्या, असिस्ट मध्येच बंद पडायला लागला. खारं पाणी लागलं तर त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याने हलक्या हाताने पुसून काढा, प्रेशरने धुवू नका. तुमच्या कामाला २७.५ किंवा २९ च्या चाकावर २.१ ते २.२५ इंचाचा टायर बरोबर, पुढे लॉक होणारं सस्पेन्शन, मागे सस्पेन्शन नको कारण कॅरियर बसवायची पंचाईत होते. ब्रेक हायड्रॉलिक डिस्क, ११० किलो घेऊन सड्यावरून खाडीत उतरताना बोटं दुखायला लागतात तेव्हा फरक कळतो, आणि पॅडचा एक जोड सोबत ठेवा, गावात मिळत नाही. फ्रेमला कॅरियरचे स्क्रू बसायची भोकं आहेत का हे दुकानातच वाकून बघा.

एक विनंती, कासला किंवा कुठल्याही सड्यावर मळलेली वाट सोडून चाक घालू नका, तिथली रानफुलं बोटभर मातीत उगवतात आणि टायरचा एक पट्टा त्यांना कायमचा संपवू शकतो.

ट्रायल घेताना मोटर बंद करून एखाद्या फ्लायओव्हरवर चढवा, दोनदा. दम लागेल, ते चालतं, पण सायकल ओढल्यासारखी वाटली तर ती घेऊ नका, कारण टूरमध्ये एक दिवस तरी बॅटरी संपल्यावर पाच-सात किलोमीटर तशीच काढावी लागते. तुमची उंची आणि बजेट कमेंटमध्ये लिहा, फ्रेमचा साईज सांगतो.