वाचकांचे प्रश्न : ड्रोन माझा, पण आदेश कुणाचा?

प्रश्न : मी लग्नसमारंभांचे आणि बांधकामांचे हवाई चित्रीकरण करतो. माझ्याकडे रिमोट पायलट प्रमाणपत्र आहे आणि ड्रोनची रीतसर नोंदणी केलेली आहे. मागच्या पावसाळ्यात आमच्या भागातील टेकडीच्या उतारावर भिंत कोसळली, तेव्हा मी पहाटेच ड्रोनची पेटी घेऊन धावत गेलो. पण बंदोबस्तावरील अधिकाऱ्यांनी ती मला उघडूही दिली नाही. ढिगाऱ्याखाली माणसे असताना हातात साधन घेऊन मी दोरीच्या अलीकडे उभा होतो, ही गोष्ट अजून मनातून जात नाही. अशा वेळी स्वयंसेवक म्हणून उपयोगी पडण्याचा काही मार्ग आहे का?
— एक वाचक, भांडुप

उत्तर : तुमची तळमळ मला पूर्णपणे समजते, आणि तरीही त्या पहाटे तुम्ही पेटी बंद ठेवलीत हेच योग्य झाले असे मला म्हणावेसे वाटते. त्याचे कारण कायद्याच्या आधी ढिगाऱ्याशी निगडित आहे. शोधकार्य चालू असताना अधूनमधून सर्व यंत्रे बंद करून संपूर्ण शांतता पाळली जाते. जवान हाक मारतात आणि आतून उत्तर येते का, कुणी काही ठोकत आहे का, हे कान देऊन ऐकतात. जमिनीतील सूक्ष्म कंपने टिपणारी उपकरणेही त्याच वेळी लावली जातात. त्या दोन-चार मिनिटांत डोक्यावर ड्रोनची घरघर सुरू असेल, तर आतून आलेला क्षीण आवाज त्यात बुडून जाऊ शकतो. कुणी न बोलावता आलेला ड्रोन ही शांतता कधी पाळायची हे जाणूच शकत नाही, कारण त्याच्या चालकाला ते सांगणारे कुणी नसते.

दुसरा धोका आकाशातला आहे. जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिस परिसरात वणवा पेटला असताना एका खासगी ड्रोनची धडक पाण्याचा मारा करणाऱ्या विमानाला बसली, त्याच्या पंखाला भोक पडले आणि आग भडकलेली असतानाच ते विमान जमिनीवर ठेवावे लागले. मुंबईत तर सांताक्रूझचा विमानतळ, जुहूची धावपट्टी आणि कुलाब्याचा नौदलाचा हेलिकॉप्टर तळ असे सारे एकाच चिंचोळ्या शहरात आहे.

नियम थोडक्यात सांगतो. 'ड्रोन नियम, २०२१' प्रमाणे 'डिजिटल स्काय' या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर आकाशाचे हिरवे, पिवळे आणि लाल असे भाग केलेले आहेत. हिरव्या भागात १२० मीटर उंचीपर्यंत पूर्वपरवानगी लागत नाही. मात्र विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा ६० मीटरवर येते. पिवळ्या आणि लाल भागांत परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही. तुमच्या घराभोवतीचे आकाश कोणत्या रंगात आहे, हे पाऊस सुरू होण्याआधीच नकाशावर पाहून ठेवावे. याशिवाय मुंबई पोलीस सुरक्षेच्या कारणास्तव वेळोवेळी शहरात ड्रोनवर बंदी घालतात, आणि नियमांनुसार एखाद्या विशिष्ट जागेवरचे आकाश तात्पुरते, एका वेळी ९६ तासांपर्यंत, लाल घोषित करता येते. दुर्घटनास्थळी नेमके तेच होऊ शकते. तुमच्याकडे प्रमाणपत्र आहे याचा अर्थ तुम्हाला ड्रोन उडवता येतो एवढाच. त्या ठिकाणी, त्या क्षणी उडवावा की नाही, हा निर्णय घटनास्थळाच्या प्रमुखाचा असतो.

आता मार्गाविषयी. माझे मत स्पष्ट आहे : आधी ड्रोनशिवाय नाव नोंदवा. नागरी संरक्षण दलात स्वयंसेवक होता येते. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या 'आपदा मित्र' योजनेखाली सामान्य नागरिकांना १२ दिवसांचे प्रशिक्षण दिले गेले आहे. नव्या तुकडीची चौकशी महानगरपालिकेच्या आपत्ती व्यवस्थापन विभागाकडे करावी. भांडुपमध्येच महानगरपालिकेच्या एस विभागाचे कार्यालय आहे. तेथे एक साधे पत्र द्या. त्यात ड्रोनचे वजन, नोंदणी क्रमांक, प्रमाणपत्राचा वर्ग, विम्याची मुदत, बॅटऱ्यांची संख्या, कॅमेरा औष्णिक (उष्णता टिपणारा) आहे की साधा, आणि तुम्ही किती वेळात कुठवर पोहोचू शकता, एवढे लिहा. प्रशिक्षणात प्रथमोपचार, दोरकाम, गर्दी मागे हटवणे असे विषय आले की काही ड्रोनचालकांचा हिरमोड होतो. पण ज्याने भर पावसात रात्रभर स्ट्रेचर उचलले आहे, त्याच्या हातात पुढच्या वेळी अधिकारी विश्वासाने काम देतात, आणि मुख्य म्हणजे त्याला घटनास्थळाची भाषा कळू लागलेली असते.

ही भाषा म्हणजे काय, हे थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे, कारण तुमच्या रोजच्या कामापेक्षा ती फार वेगळी आहे. चित्रीकरणात तुम्ही दृश्य शोधता. येथे तुम्हाला प्रश्न दिला जातो आणि त्याचे उत्तर आणायचे असते. दरड कोसळलेल्या जागी पहिला प्रश्न बहुधा ढिगाऱ्याविषयी नसून त्याच्या वरच्या उताराविषयी असतो : माथ्यावर नवी भेग दिसते का, कुठून पाणी मुरते आहे, सुटलेला एखादा खडक अडकून राहिला आहे का? खाली वाकून माती उपसणाऱ्या माणसांना वरचे दिसत नाही आणि दुसरी दरड त्यांच्यावरच येऊ शकते. तो माथा दर अर्ध्या तासाने त्याच उंचीवरून, त्याच कोनातून टिपून आधीच्या छायाचित्राशी ताडून पाहणे, हे अतिशय कंटाळवाणे काम आहे, आणि माझ्या मते ड्रोनचे घटनास्थळावरचे सर्वांत मोलाचे कामही हेच आहे. ज्या वस्तीत गल्ल्यांचा अचूक नकाशाच नसतो, तेथे सरळ खाली रोखलेल्या कॅमेऱ्याने, एकमेकांवर पुरेशी चढणारी छायाचित्रे घेतली की ती जोडून अधिकाऱ्यांना ताजा नकाशा मिळतो. कोणते घर कुठे होते, हे शेजाऱ्यांना त्यावर बोट ठेवून सांगता येते.

औष्णिक कॅमेऱ्याविषयी लोकांच्या मनात अवाजवी आशा असते. तो केवळ पृष्ठभागाचे तापमान दाखवतो. माती, काँक्रीट किंवा पाण्याच्या पलीकडचे त्याला दिसत नाही. रात्री खाडीकाठच्या चिखलात किंवा गच्चीवर अडकलेला माणूस तो चटकन दाखवील, पण दुपारी तापलेल्या पत्र्यांच्या वस्तीत त्याचा उपयोग फारच थोडा. काचेच्या इमारतीला आग लागली असता तो काच किती तापली आहे हे सांगतो, काचेमागे कोण आहे हे नाही. नातेवाईक तुमच्या पडद्याकडे डोळे लावून उभे असतात, तेव्हा "येथे कुणी दिसत नाही" आणि "येथे कुणी नाही" या दोन वाक्यांतील फरक तुम्ही स्वतः कधीही विसरता कामा नये. नातेवाइकांना काय सांगायचे, हे अधिकाऱ्यांनाच ठरवू द्यावे.

आपल्या शहराच्या अडचणी वेगळ्या आहेत. बहुतेक साध्या ड्रोनना पाऊस चालत नाही, आणि आपल्याकडे गरज तर पावसातच पडते. उंच इमारतींमध्ये उपग्रहांचे संकेत भिंतींवर आपटून येतात आणि स्थान चुकीचे दिसू लागते. लोखंडी सळ्यांजवळ होकायंत्र भरकटते. घारी ड्रोनवर झडप घालतात, हे मुंबईत उडवणाऱ्या तुमच्यासारख्याला सांगायला नकोच. म्हणून एकट्याने कधीही उडवू नका. नजर पडद्यावर असताना आकाशाकडे पाहणारा आणि लोकांना तुमच्यापासून दूर ठेवणारा एक जोडीदार शेजारी हवा. बॅटरीचे कागदावरचे मिनिट खरे धरू नका. तीसेक टक्के शिल्लक असतानाच परत फिरावे.

हे सारे व्यर्थ जाणार नाही, याची खात्री बाळगावी. २०१३ च्या उत्तराखंडातील महापुरात राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाने अडकलेल्या लोकांच्या शोधासाठी 'नेत्र' हे ड्रोन वापरले होते, आणि ते पवईच्या आयआयटीतून शिकून बाहेर पडलेल्या तरुणांच्या कंपनीने तयार केले होते. ते उडले, ते दलाच्या शोधमोहिमेचा भाग म्हणून.

प्रश्न : माझा मुलगा १७ वर्षांचा आहे. त्याच्याकडे २५० ग्रॅमपेक्षा हलका ड्रोन आहे आणि त्याला प्रमाणपत्र लागत नाही असे तो म्हणतो. पुराच्या वेळी मदतीला जाण्याचा त्याचा हट्ट आहे. जाऊ द्यावे का?
— एक आई, बोरिवली

उत्तर : ताई, प्रमाणपत्राविषयी त्याचे म्हणणे बरोबर आहे, २५० ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला ते लागत नाही. परंतु लाल भाग आणि पोलिसांची बंदी त्यालाही लागू आहे, आणि इतका हलका ड्रोन पावसाळी वाऱ्यात टिकणारही नाही. पुराच्या वेळी त्याला जाऊ देऊ नये. त्याची इच्छा मात्र मोडू नका. १८ वर्षे पूर्ण झाली आणि दहावी उत्तीर्ण असली की नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने मान्यता दिलेल्या संस्थेत त्याला प्रशिक्षण घेता येईल. तोवर प्रथमोपचार आणि नकाशावाचन शिकवा.

प्रश्न : आमच्या इमारतीला आग लागली होती, तेव्हा कुणीतरी ड्रोनने घेतलेली चित्रफीत त्याच रात्री सर्वांच्या मोबाईलवर फिरली. खिडकीत मदतीसाठी उभ्या असलेल्या माझ्या वृद्ध सासूबाई त्यात स्पष्ट दिसतात. असे चित्रण करणाऱ्यांना स्वयंसेवक म्हणावे का?
— एक वाचक, प्रभादेवी

उत्तर : नाही, म्हणू नये. तुमच्या घराला जे सोसावे लागले त्याचे मला मनापासून वाईट वाटते. भांडुपच्या वाचकांनाही मी हेच सांगेन की घटनास्थळी टिपलेले प्रत्येक दृश्य ज्याने काम सोपवले त्या अधिकाऱ्याचे असते : उड्डाण संपताच मेमरी कार्ड त्यांच्या हाती द्यावे, स्वतःकडे प्रत ठेवू नये, आणि ड्रोन मोबाईलला जोडलेला असल्यास त्यात आपोआप साठलेली दृश्येही त्यांच्यासमोरच पुसून टाकावीत. तुमच्याकडील चित्रफीत ज्या गटातून आली, तेथे ती काढून टाकण्याची लेखी विनंती करा. दाद मिळाली नाही, तर जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवा आणि चित्रफितीची एक प्रत पुरावा म्हणून जपून ठेवा.