आधी ब्रेक, मग इंजिन, रंग सगळ्यात शेवटी

घरच्या जुन्या गाडीबद्दल यावेळी जी पत्रं आली, ती बहुतेक सगळी फियाट आणि तिचंच पुढचं नाव असलेल्या पद्मिनीची आहेत. कुर्ल्याच्या कारखान्यातून 2000 च्या सुमारास या गाड्या यायच्या बंद झाल्या, तरी कित्येक घरांच्या शेडमध्ये त्या अजून उभ्या आहेत. त्या पुन्हा रस्त्यावर याव्यात असं मला मनापासून वाटतं, म्हणून उत्तरं जरा सविस्तर देतो.

वडिलांची 1978 ची पद्मिनी सात वर्षं शेडमध्ये उभी आहे. मेकॅनिक म्हणतो, नवी बॅटरी टाकू आणि सेल्फ (स्टार्टर) मारू. चालेल का? (सातारा)

सेल्फ मारू देऊ नका. इतकी वर्षं उभ्या गाडीत सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल उतरून गेलेलं असतं, पिस्टनच्या रिंगा गंजून चिकटलेल्या असू शकतात. असं कोरडं इंजिन झटक्यात फिरवलं तर रिंग तुटते आणि बोअरवर, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर, ओरखडे पडतात. मग जे काम थोडक्यात झालं असतं, त्यासाठी इंजिन उतरवावं लागतं.

चारही स्पार्क प्लग काढा. प्रत्येक भोकात दोन-तीन चमचे इंजिन ऑइल सोडा आणि रात्रभर राहू द्या. सकाळी गाडी टॉप गिअरमध्ये टाकून दोघांनी मिळून हळूच पुढे-मागे ढकला. एकाने बॉनेट उघडून पुलीकडे, म्हणजे इंजिनाच्या पट्ट्याच्या चाकाकडे, बघत राहायचं. पुली फिरली तर इंजिन मोकळं आहे. नाही फिरली तर जोर लावू नका, आणखी तेल सोडून आठवडाभर थांबा. इंजिन मोकळं झालं की जुनं ऑइल काढा. टाकीतलं पेट्रोलही पूर्ण काढा, ते एव्हाना चिकट झालेलं असतं. नवं ऑइल भरून प्लग न लावताच सेल्फ थोडा-थोडा मारा. ऑइलचा दिवा विझला की मगच प्लग लावायचे.

पण इंजिन सुरू झालं म्हणून लगेच गाडी बाहेर काढू नका. या गाड्यांना चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत आणि जुन्या मॉडेलांत ब्रेक ऑइलची लाइन एकच. एका चाकाच्या सिलिंडरचं रबर फाटलं की पेडल थेट खाली जातं आणि चारही ब्रेक जातात. म्हणून मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइल ढकलणारा) आणि चाकांच्या सिलिंडरांची रबरं, तसेच रबरी होज, सगळं एकदमच बदला. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, तेव्हा दर दोन वर्षांनी तेही बदलायचं.

पेंटर म्हणतो, लांबी (पुट्टी) भरून रंग मारला की गाडी नवी दिसेल. खालचा पत्रा मात्र गंजलाय. (रत्नागिरी)

दिसेल, एक पावसाळा. पद्मिनीला वेगळी चासी (खालचा सांगाडा) नाही, बॉडी हीच तिची ताकद आहे. दाराखालचा पत्रा कुजला की गाडी मधून वाकते, दारं लागेनाशी होतात. खिशात छोटा लोहचुंबक ठेवा. पत्र्यावरून फिरवताना जिथे तो पकड सोडतो, तिथे आत लांबीचा थर आहे. फ्लोअरची मॅटिंग उचला, स्टेपनीची जागा तपासा, दारांच्या तळाची पाणी जायची भोकं मातीने बुजलीत का ते बघा. कुजलेला पत्रा चांगल्या पत्र्यापर्यंत कापून नवा वेल्ड करून घ्या, आतून गंजरोधक मारा. कोकणातल्या खाऱ्या हवेत हे टाळलंत तर रंगाचा सगळा खर्च वाया जाईल.

नवं इथेनॉलचं पेट्रोल भरल्यापासून बॉनेटखाली वास येतो आणि उन्हात ट्रॅफिकमध्ये गाडी बंद पडते. (ठाणे)

वास आधी मिटवा, कारण त्यात आगीचा धोका आहे. जुन्या रबरी नळ्या इथेनॉलने फुगतात, मऊ पडतात, मग झिरपतात. इथेनॉल चालणाऱ्या नळ्या घ्या, फ्युएल पंपाचा पडदा आणि कार्ब्युरेटरचं (पेट्रोल-हवा मिसळणाऱ्या भागाचं) किटही त्याच जातीचं बघा. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, शिवाय त्यात ऑक्सिजन असतो, त्यामुळे मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतं. चांगल्या कारागिराकडून जेट (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल सोडणारं बारीक भोक) थोडं मोठं करून घेतलं तर ओढ परत येते.

उन्हात बंद पडते ती इंजिनाला चिकटून असलेल्या पंपातच पेट्रोलची वाफ होते म्हणून. पंपावर ओलं फडकं ठेवायची जुन्या टॅक्सीवाल्यांची युक्ती खरंच लागू पडते. पण कायमचा इलाज म्हणजे रेडिएटर साफ करून घेणं आणि पेट्रोलची नळी सायलेन्सरच्या पाइपापासून लांब नेणं.

1971 ची फियाट दिवंगत वडिलांच्या नावावर आहे. व्हिंटेज नोंदणी करावी का? (नागपूर)

आधी नाव बदला. वारसाला फॉर्म 31 भरावा लागतो, सोबत मृत्यूचा दाखला आणि बाकी वारसांची संमती. मृत्यूनंतर तीन महिन्यांत अर्ज करायचा असतो. उशीर झाला असेल तर आजच आरटीओत जा.

2021 च्या नियमानुसार पहिल्या नोंदणीला 50 वर्षं उलटलेली खासगी गाडी व्हिंटेज ठरू शकते. अट अशी, की बॉडी, चासी, इंजिन मूळ हवं. कुणी डिझेल इंजिन बसवून दिलं असेल तर अडचण येईल. आधीच नोंदलेल्या गाडीचा जुना नंबर कायम राहतो, आणि वडिलांनी घेतलेला तो नंबर जपावाच. मात्र व्हिंटेज गाडी रोजच्या वापराला नेता येत नाही. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल भरणं, इतपतच. तुम्हाला तीत आईला देवळात न्यायचं असेल, तर साधीच नोंदणी ठेवून मुदतीत नूतनीकरण करा.

मी न्यू जर्सीत, गाडी नाशिकला. आई-बाबा रोज पाच मिनिटं सुरू करून ठेवतात. पुरेल का?

त्याने नुकसानच होतं. इंजिन पुरतं तापत नाही, ऑइलमध्ये पाणी साचतं, सायलेन्सर आतून गंजतो. शेजारच्या विश्वासू माणसाला सांगा, पंधरा दिवसांतून एकदा वीस-पंचवीस किलोमीटर फिरवून आणायची. एरवी बॅटरीची एक वायर काढून ठेवायची, आणि हँडब्रेक ओढून न ठेवता चाकाखाली लाकडी ठोकळा लावायचा, म्हणजे पावसाळ्यात ब्रेक ड्रमला चिकटत नाहीत.